संगणकाचा आवाज सुधारला, वाचन कधी सुधारणार?

अनुस्वार

मी लेख आणि पुस्तकं संगणकाकडून वाचून घेऊन त्यांच्या ध्वनिफाइल तयार करते. ऐकणाऱ्यांत दृष्टिहीन वाचक आहेत, बारीक अक्षर आता झेपत नाही असे ज्येष्ठ आहेत, हातातलं काम करता करता ऐकणारेही आहेत. या सगळ्यांकडून फिरून फिरून एकच तक्रार येते: आवाज गोड आहे, पण थोड्या वेळानं लक्ष उडतं. या तक्रारीचा छडा लावता लावता माझं एक मत पक्कं झालं आहे. आवाजाचा प्रश्न जवळपास सुटलाय. घोडं अडलंय ते वाचनापाशी, आणि आपण मात्र अजून आवाजाच्याच मागे लागलोय.

यंत्राला बोलतं करायची खटपट जुनी आहे. वोल्फगांग फोन केम्पेलेननं १७९१ मध्ये आपल्या बोलणाऱ्या यंत्राची सविस्तर माहिती छापली. त्यात फुप्फुसाच्या जागी भाता होता आणि स्वरतंतूंच्या जागी थरथरणारी पट्टी. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल लॅब्जचा 'व्होडर' लोकांसमोर आला. पेटी वाजवावी तशी एक प्रशिक्षित बाई कळा दाबायची आणि आवाजाची उंची पायातल्या पेडलनं वरखाली करायची. निवेदक विचारायचा, "तुला कोणी पाहिलं?" की व्होडर 'तिनं मला पाहिलं' असं 'तिनं'वर जोर देऊन उत्तर द्यायचा. "तिनं कोणाला पाहिलं?" असं विचारलं की तेच वाक्य, जोर मात्र 'मला'वर. लोक थक्क व्हायचे. आवाज घोगरा आणि यांत्रिकच होता, तरी ते बोलणं जिवंत वाटायचं, कारण जोर कुठे द्यायचा हे पेडलवरच्या माणसाला कळत होतं.

पुढे पेडलवरचा माणूस गेला आणि त्याच्या जागी संगणकात लिहिलेले नियम आले. डेनिस क्लॅट यांच्या एमआयटीतल्या संशोधनातून डेकटॉक हे लिहिलेलं बोलून दाखवणारं यंत्र आलं. स्टीफन हॉकिंग यांचा जगाला ओळखीचा झालेला आवाज क्लॅट यांच्याच कामातून आला. नंतर माणसाच्या ध्वनिमुद्रणाचे बारीक तुकडे जोडून वाक्यं बनवायची पद्धत रुळली. घोषणांमध्ये मधेच एखादा शब्द उंच स्वरात उडी मारतो, ती याच पद्धतीची खूण. २०१६ मध्ये डीपमाइंड या कंपनीच्या वेव्हनेट या प्रणालीनं सेकंदाला १६,००० नमुने, म्हणजे लहरीची बारीक मापं, एकामागून एक थेट भाकीत करून ध्वनिलहर बनवून दाखवली. २०१७ च्या अखेरीस आलेल्या टॅकोट्रॉन २ या प्रणालीला श्रोत्यांनी ५ पैकी ४.५३ गुण दिले. त्याच चाचणीत व्यावसायिक कलाकाराच्या खऱ्या ध्वनिमुद्रणाला ४.५८ होते. सुटं वाक्य ऐकवलं तर फरक एवढाच उरला होता.

मग माझे श्रोते कंटाळतात का? हा परिच्छेद मोठ्यानं वाचून पाहा:

"काल समितीची बैठक झाली. बैठकीला सात जण होते. सातांपैकी दोघांनी विरोध केला."

दुसऱ्या वाक्यात तुम्ही 'बैठकीला' हा शब्द खालच्या स्वरात, जरा घाईनंच उरकला असेल, कारण बैठक ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे. नवी बातमी 'सात' आहे, म्हणून आवाज तिथे उचलला गेला. तिसऱ्या वाक्यात तोच 'सात' जुना झाला आणि जोर 'दोघांनी'वर गेला. आता हाच मजकूर यंत्राला द्या. तिन्ही वाक्यं एकाच उंचीवर सुरू होतात, सारख्याच उतारानं खाली येतात आणि शेवटी तितकीच थांबतात. प्रत्येक वाक्य सुटं ऐकलं तर निर्दोष. पण तासभर अशीच वाक्यं कानावर पडली की काय महत्त्वाचं आणि काय जाता जाता सांगितलेलं, हे निवडायचं काम ऐकणाऱ्यावर येऊन पडतं. त्याला थकवा येतो तो याचा.

त्याच्याही आधीची पायरी म्हणजे लिहिलेल्याचं बोललेलं करणं, आणि तिथेच मराठीचे खूप हाल होतात. 'केलं', 'घरं', 'बोलणं' यांतला शेवटचा अनुस्वार म्हणजे लांबवलेला अ. कित्येक यंत्रं तो नाकात म्हणतात, काही तर सरळ 'केलम्' म्हणून मोकळी होतात. 'कमळ' सुटा असताना 'म'मधला अ स्पष्ट ऐकू येतो, पण 'कमळाला' म्हटलं की आपण 'कम्ळाला' म्हणतो. लिपीत याची कसलीही खूण नाही. 'जग सुंदर आहे' आणि 'तू मनासारखं जग' यांत अक्षरं तीच, ज वेगळा. 'जरा थांब' आणि 'जरा-मरण' यांचंही तेच. हिंदी माहितीवर पोसलेला आवाज मराठीला जुंपला असेल तर 'ज्ञान'चं 'ग्यान' होतं आणि सगळे च, ज एका साच्यातून निघतात.

आकडे हा तर स्वतंत्र विषय. '२ रा' हे 'दोन रा' झालेलं मी ऐकलंय, '४ था'चं 'चार था'ही. '३:३०' म्हणजे साडेतीन. '१०-१२ जण' म्हणजे दहा-बारा जण, पण '२०१०-१२' मध्ये तीच आडवी रेघ 'ते' होते. '१९४२' हे साल असेल तर एकोणीसशे बेचाळीस, वस्तूंची संख्या असेल तर एक हजार नऊशे बेचाळीस. हे ठरवायला अर्थच लागतो.

मी सध्या काय करते ते सांगते. मजकुराची वाचनासाठी वेगळी प्रत करते. आकडे अक्षरी लिहिते, 'इ.', 'डॉ.', 'कि.मी.' फोडून लिहिते, चार ओळींचं वाक्य तोडते. यंत्राला एकेक वाक्य न देता अख्खा परिच्छेद देते. नव्या पद्धतीच्या यंत्रांत एवढ्यानंही स्वराचे चढउतार बरेच सुधारतात. परिच्छेदांमधला थांबा वाक्यांमधल्या थांब्याच्या दुपटीहून जास्त ठेवते. एवढं करूनही जोर कुठे द्यायचा ते हातातून निसटतंच. जाणकारांनी आणि नियमित ऐकणाऱ्यांनी आपापलं सांगावं.

ध्वनिवेडा

उत्तम मांडणी. मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून सपाटपणा येतो कुठून ते आतल्या बाजूनं सांगतो.

एकच वाक्य दहा प्रकारे बरोबर म्हणता येतं. शिकवणीच्या माहितीत, म्हणजे यंत्र ज्या मुद्रणांवरून बोलायला शिकतं त्यांत, मात्र त्यातला एकेकच प्रकार असतो, आणि कोणत्या वेळी कोणता का निवडला हे लिहिलेलं नसतं. अशा माहितीवर मॉडेलला, म्हणजे यंत्राच्या शिकणाऱ्या भागाला, 'चूक कमीत कमी कर' असं सांगितलं की ते मध्य गाठतं. एका वाचनात शेवटी स्वर वर गेलाय, दुसऱ्यात खाली आलाय, तर मॉडेल मधोमध सरळ रेघ मारतं. दोन्ही मूळ वाचनं चांगली होती. त्यांची सरासरी मात्र कोणत्याच माणसानं कधी म्हटलेली नाही. स्वराची उंची, अक्षरांची लांबी, आवाजाचा जोर, तिन्हींचं असंच होतं.

म्हणून अलीकडच्या पद्धती सरासरी न काढता शक्यतांमधून एक निवडतात. २०२१ च्या व्हिट्स या पद्धतीत अक्षरांची लांबीसुद्धा अशी निवडून काढली जाते, त्यामुळे तेच वाक्य दोनदा बनवलं तर लय जराशी वेगळी येते. तुम्हाला यातून एक सोपा उपाय मिळतो: महत्त्वाचा परिच्छेद तीन-चारदा बनवून घ्या आणि कानाला पटेल तो ठेवा. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कलाकाराकडूनही आपण पुन्हा म्हणून घेतोच की.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. शिकवणीसाठी आवाज मुद्रित करतात तेव्हा कलाकाराला सुटी वाक्यं वाचायला देतात. एक वाक्य राजकारणाचं, पुढचं हवामानाचं. आधीच्या वाक्याशी कसलंही नातं नाही. असं शेकडो वेळा वाचलं की कलाकार प्रत्येक वाक्य एकाच पट्टीत सुरू करून एकाच पट्टीत संपवणारच. मॉडेल तेच शिकतं. तुमचा बैठकीचा परिच्छेद यंत्राला जमत नाही, कारण त्यानं आयुष्यात परिच्छेद ऐकलेलाच नाही. सलग गोष्ट, सलग लेख वाचून घेतलेली माहिती वापरली की फरक लगेच कळतो.

धातूसारख्या किणकिणाटाबद्दलही दोन शब्द. मॉडेल आधी ध्वनीचं चित्र बनवतं: कोणत्या क्षणी कोणत्या कंपनांत किती जोर आहे एवढंच त्यात असतं. लहरी एकमेकींशी कशा जुळलेल्या होत्या ही माहिती त्यात नसते. ती अंदाजानं भरायची १९८४ ची ग्रिफिन-लिम पद्धत आहे, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज तिचाच. २०२० च्या हायफाय-गॅनसारख्या न्यूरल व्होकोडरनी, म्हणजे त्या चित्रावरून लहर बनवायला शिकलेल्या प्रणालींनी, हा प्रश्न मोठ्या प्रमाणात सोडवला. अजूनही किणकिणाट ऐकू येत असेल तर यंत्र बदला, मजकुराशी झटापट करून ते जायचं नाही.

कानसूर

अनुस्वारताई, तुमच्या कामाबद्दल आधी मनापासून आभार. मी जन्मापासून पाहू शकत नाही. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा पडदावाचक दिवसभर वापरतो. वाचन सुधारायला हवं हे मान्य, तरी 'नैसर्गिक' हे ध्येय सरसकट सगळीकडे लावू नका.

कामाच्या वेळी मी ई-स्पीक हा जुन्या पद्धतीचा आवाज वापरतो, तेही इतक्या वेगात की शेजारच्याला एक शब्द कळत नाही. तो आवाज सुंदर नाही. पण कळ दाबताक्षणी बोलतो, वेग कितीही वाढवला तरी प्रत्येक व्यंजन सुटं ऐकू येतं, आणि तेच अक्षर दर वेळी तंतोतंत तसंच येतं. कानाला ती सवय झाली की वाचणाऱ्याचे डोळे ओळीवरून धावतात तसा मी मजकुरातून धावतो. नवे गोड आवाज त्या वेगात घेतले की लापशी होते. शिवाय कळ दाबल्यावर अर्धा सेकंद वाट पाहायची म्हणजे मेनूमधून फिरणंच अशक्य.

दुसरं जास्त गंभीर आहे. काही नवे न्यूरल आवाज शब्द गाळतात, एखादा तुकडा दोनदा म्हणतात. जुना आवाज चुकला तर चूक कानाला टोचायची, मी मागे जाऊन अक्षर-अक्षर तपासायचो. नवा आवाज चुकीचा आकडासुद्धा इतक्या सहज, इतक्या खात्रीनं सांगतो की संशयच येत नाही. औषधाची मात्रा, खात्यातली शिल्लक, परीक्षेचा क्रमांक अशा ठिकाणी मला खात्री हवी. गोडवा त्यानंतर.

कथा-कादंबरी ऐकताना मात्र मी तुमच्या बाजूचा. संवाद सपाट वाचले की कोण बोलतंय तेच कळत नाही.

अनुस्वार

कानसूर, हा भेद मी मांडायला हवाच होता. मी बोलत होते ते सलग, निवांत ऐकायच्या वाचनाबद्दल. पडदावाचकाचं काम डोळ्याच्या जागी उभं राहायचं, तिथे वेग आणि नेमकेपणा हेच खरे गुण. गाळलेल्या शब्दांचं म्हणाल तर मी तयार फाइल पुन्हा संगणकाकडूनच लिहून घेते आणि मूळ मजकुराशी ताडून पाहते. जिथे फरक दिसतो तिथे कानानं ऐकते. निम्म्या वेळा लिहून घेणाऱ्या यंत्राचीच चूक निघते, पण गाळलेलं वाक्य यातून सुटत नाही.

@ध्वनिवेडा, सुट्या वाक्यांच्या मुद्रणाचा मुद्दा डोळे उघडणारा आहे. म्हणजे हा दोष कलाकाराचाही नाही आणि गणिताचाही नाही, मजकूर निवडणाऱ्याचा आहे.

खर्जातला

निवेदन हा माझा पेशा, म्हणून श्वासाबद्दल लिहितो. यंत्राच्या वाचनात मला सगळ्यात आधी खटकतो तो श्वास.

माणूस वाक्य सुरू करायच्या आधीच त्याच्या लांबीचा अंदाज घेतो आणि तेवढा श्वास भरतो. लांब वाक्याआधी खोल, तुटक वाक्याआधी वरवरचा. ऐकणाऱ्याला त्या श्वासावरूनच कळतं की आता काहीतरी मोठं येतंय. आमच्याकडे संकलक श्वास कापून टाकतात, फाइल 'स्वच्छ' करायची म्हणून. त्याच फाइल शिकवणीला गेल्या की यंत्र बिनश्वासाचं बोलायला शिकतं. असं वाचन बराच वेळ ऐकलं की मला स्वतःला धाप लागल्यासारखं होतं. आता काही ठिकाणी श्वासाचा आवाज वरून चिकटवतात. तो चुकीच्या जागी पडला, म्हणजे 'समितीच्या' आणि 'बैठकीला' यांच्या मध्ये, तर नसलेला बरा.

थांब्याची एक खुबी सांगतो. थांबण्याआधीचं शेवटचं अक्षर माणूस लांबवतो. "मी येईन, पण उशिरा" म्हणताना 'येईन'मधला 'ई' ताणला जातो आणि मग थांबा येतो. थांबा येणार ही वर्दी तो ताणच देतो. यंत्रात मधे नुसती शांतता घुसडली तर आधीचं अक्षर आखूडच राहतं आणि बोलताना कोणी तोंडावर हात ठेवला असं वाटतं. तेव्हा थांबा हवा तिथे आधी स्वल्पविराम देऊन पाहा, व्याकरणाला तो मान्य नसला तरी.

ध्वनिवेडा

खर्जातला यांना पूर्ण अनुमोदन. एसएसएमएल ही मजकुरात वाचनाच्या सूचना घालायची खुणांची भाषा डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २००४ मध्ये प्रमाणित केली. तिच्यात थांबा, वेग, उंची, जोर, उच्चार अशा सगळ्या खुणा आहेत. पण थांब्याची खूण म्हणजे कित्येक यंत्रांत निव्वळ रिकामी जागा. स्वल्पविराम मॉडेलनं माणसाच्या वाचनासोबत शिकलेला असतो, म्हणून त्याच्यासोबत ताण आणि स्वराचा हलका चढ आपोआप येतो. जोराच्या खुणेचंही तसंच, अनेक आवाज ती सरळ दुर्लक्षित करतात. आपल्या यंत्राला कोणत्या खुणा कळतात ते एका छोट्या परिच्छेदावर तपासून घ्यावं.

रेघोटी

भाषेची विद्यार्थिनी म्हणून थोडी भर.

प्रश्नचिन्ह दिसलं की स्वर वर न्यायचा, हा नियम यंत्रांनी कुठून तरी उचलला आहे. मराठीत तो अर्धाच चालतो. "तू येणार का?" यात शेवट वर जातो. "तू का येणार?" यात 'का' म्हणजे कशासाठी, जोर 'का'वरच पडतो आणि शेवट उतरतो. "येणार ना तू?" याची चाल आणखी निराळी, त्यात उत्तर आधीच गृहीत धरलेलं आहे. तिन्हींना एकच चढ दिला की तिसऱ्या वाक्यातलं आर्जव मरतं.

आपल्याकडे जोर दाखवायला अव्यय आहेत ही यंत्रासाठी खरं तर मोठी सोय आहे. 'मीच सांगितलं', 'मी सांगितलंच', 'मीही सांगितलं', 'मी तर सांगितलं होतं'. च, ही, तर कुठे बसलेत ते पाहिलं तरी जोराच्या निम्म्या जागा कळतात, त्यासाठी अख्ख्या परिच्छेदाचा अर्थ लावायची गरज नाही. वाक्यातला शब्दक्रमही मदत करतो. "पुस्तक मी दिलं" आणि "मी पुस्तक दिलं" यांत क्रियापदाच्या लगेच आधी जे येतं तिकडे सहसा जोर झुकतो. मराठीसाठी आवाज बनवणाऱ्यांनी हे वापरायलाच हवं. दुसऱ्या भाषेसाठी घडवलेली पद्धत जशीच्या तशी आणून तिच्यात मराठी मजकूर ओतला की हातातली एवढी मोठी सोय वाया जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

बाराखडी

माझा प्रश्न जरा प्राथमिक आहे. आमच्या मजकुरात रोमन लिपीतले इंग्रजी शब्द भरपूर असतात. यंत्र मराठी वाचता वाचता त्या शब्दापाशी आलं की एकदम परदेशी बाई बोलायला लागते आणि पुढच्या शब्दाला परत मराठी. याला काय करावं?

अनुस्वार

बाराखडी, वाचनाच्या प्रतीत सगळे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा, आणि लिहिताना मराठी माणूस ते जसे उच्चारतो तसेच लिहा. 'फॉरवर्ड', 'अपडेट', 'पासवर्ड'. 'ऑ' आणि 'ॲ' यांची अक्षरं वापरायला कचरू नका, 'आफिस' लिहिलं तर तेच ऐकू येईल. आद्याक्षरं असतील तर 'पी डी एफ' अशी सुटी लिहा, नाहीतर 'पीडीएफ'चा एकच अगम्य शब्द व्हायची शक्यता असते. नेहमी येणाऱ्या शब्दांची यादी ठेवलीत की पुढच्या वेळी शोधा-बदलाची एक फेरी पुरते.

उंबरठा

चर्चा तांत्रिक अंगानं छान चालली आहे, पण आवाज माणसासारखा करतच न्यायचा का, हेही बोललं पाहिजे. २०१८ मध्ये गूगलनं डुप्लेक्स दाखवलं. यंत्र फोनवर वेळ ठरवत होतं आणि मधे मधे अडखळल्यासारखं 'अं', 'हं' करत होतं. पलीकडच्या माणसाला आपण यंत्राशी बोलतोय याचा पत्ता नव्हता. टीका इतकी झाली की यंत्र आधी स्वतःची ओळख देईल, असं कंपनीला सांगावं लागलं. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी फक्त ३ सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारं वॅल-ई मांडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाला यंत्रनिर्मित आवाजातले, संमतीशिवाय आपोआप लागणारे फोन बेकायदा ठरवावे लागले. आपण नैसर्गिकता वाढवतोय, तिचा पहिला फायदा फसवणाऱ्याला होतोय.

अनुस्वार

तुमची काळजी मला पूर्ण मान्य आहे. माझ्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला 'हे वाचन संगणकीय आवाजात आहे' हे वाक्य असतं, आणि ते मी काढणार नाही. परवानगीशिवाय कोणाच्या आवाजाची नक्कल करायची नाही, हेही तितकंच पक्कं. मात्र दोन वेगळ्या गोष्टी आपण एकत्र करतोय असं मला वाटतं. 'अं, हं' घालून माणूस असल्याचा भास निर्माण करणं वेगळं आणि वाक्याचा अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत नीट पोचेल असं वाचणं वेगळं. मला दुसरं हवंय. 'दोघांनी'वर जोर पडला म्हणून कोणी फसत नाही, त्याला फक्त गोष्ट कळते.

उंबरठा

हा फरक पटला. ओळख देणारं वाक्य सगळ्यांनी ठेवलं तर माझा निम्मा आक्षेप मिटतो. नकलेचा उरलेला निम्मा मात्र कायम.

कानसूर

+१. आणि एक विनंती. आवाज चांगला की वाईट हे दोन-तीन वाक्यं ऐकून ठरवू नका. १ ते ५ गुण देण्याच्या त्या चाचण्या बहुधा सुट्या वाक्यांवर होतात, म्हणूनच यंत्र आणि माणूस तिथे जवळ जवळ दिसतात. अख्खं प्रकरण ऐकवा आणि मग आतल्या मजकुरावर प्रश्न विचारा. कोण काय म्हणालं, कशानंतर काय झालं. उत्तरं येत असतील तर वाचन चांगलं. मी आणि माझे मित्र हे ऐकून द्यायला तयार आहोत, नुसते गुण मात्र मागू नका.

ध्वनिवेडा

कानसूर, याहून चांगली चाचणी नाही. माझ्याकडच्या दोन आवाजांत एकच प्रकरण बनवून देतो, एक सुट्या वाक्यांवर शिकवलेला, एक सलग वाचनावर. प्रश्न रेघोटी यांनी काढावेत.

रेघोटी

काढते. संवाद भरपूर असलेलं प्रकरण निवडा, 'का' आणि 'ना' दोन्ही येऊ देत.

बाराखडी

आणखी एक शंका. वर 'जग' आणि 'जग'चा उल्लेख आला. आमच्या यंत्रात उच्चाराची खूण चालत नाही. मग जगण्यातला 'ज' म्हणवून घ्यायचा कसा?

ध्वनिवेडा

'ज'खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन 'ज़ग' लिहून पाहा. हिंदीचा संस्कार असलेली यंत्रं त्याचा उच्चार मराठी 'जगणे'तल्या ज च्या बराच जवळ नेतात. 'चाक', 'चांगला' यांतल्या च साठी अशी सोय नाही. तिथे 'त्साक' असं लिहिलं तर काही आवाजांत काम होतं, काहींत 'त' आणि 'स' वेगवेगळे ऐकू येतात. प्रत्येक आवाजावर स्वतंत्रपणे तपासावं लागेल.

अनुस्वार

आणि हे बदल फक्त वाचनाच्या प्रतीत करा. मूळ फाइलला हात लावू नका, नाहीतर कानसूर यांच्यासारखा वाचक 'चाक' शोधायला जाईल आणि त्याला तो शब्द सापडणारच नाही. माझी उच्चारांची यादी मी नीट लावून उद्यापर्यंत इथेच देते. त्यात अनुस्वाराचे शब्द सगळ्यात वर आहेत. ज्यांच्याकडे वेगळी यंत्रं आहेत त्यांनी कोणत्या शब्दाला काय ऐकू आलं ते त्यापुढे लिहावं.